दहावी नापासांसाठी नोकरी-मार्गदर्शिका

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. तुम्ही नापास झालेला नाहीत. महाराष्ट्र बोर्डाने काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' हा शेरा काढून टाकला आणि 'कौशल्य विकासास पात्र' असा नवा शेरा आणला. म्हणजे गणितात २९ आणि इंग्रजीत २२ मिळवणारा मुलगा गचकलेला नसून पात्र ठरलेला आहे. कशाला पात्र ते बोर्डाने सांगितलं. ते कुठे जाऊन दाखवायचं, हे सांगायचं राहून गेलं. ती उणीव भरून काढण्यासाठी ही पुस्तिका.

पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचे विषय तीन-तीन वेळा राहिले आहेत त्या अनुभवी मंडळींना यात नवीन काही सापडणार नाही. त्यांनी ती धाकट्या भावाला द्यावी.

निकालाचा दिवस

निकाल दुपारी एक वाजता लागतो. दीडपर्यंत तो घरात, दोनपर्यंत गल्लीत आणि चारपर्यंत आत्याच्या गावी पोचलेला असतो. या वेळात उमेदवाराने एकच काम करावं: जेवून घ्यावं. संध्याकाळच्या ताटात बोलणी आधी वाढतात, भाजी मागून येते.

साडेपाचच्या सुमारास एक काका येतील. काका प्रत्येक घरात असतात. नसले तर शेजारून येतात. खांद्यावर हात ठेवून ते म्हणतील, "अरे, सचिन कुठे कॉलेजात गेला होता?" त्यांना मध्येच तोडू नये. सचिन तेंडुलकर १९८९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी सामना खेळत होता आणि तुम्ही सोळाव्या वर्षी काकांसमोर मान खाली घालून बसला आहात, हा फरक काकांनाही कळतो. ते फक्त चहा येईपर्यंत बोलत असतात.

चहानंतर ते वसंतदादांवर येतील. हे उदाहरण मात्र नीट ऐका. वसंतदादा पाटील सातवीपर्यंत शिकलेले. ते मुख्यमंत्री झाले, आणि १९८३ साली त्यांच्याच सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. सातवी शिकलेल्या माणसाने उघडलेल्या या दारातून इतके इंजिनिअर बाहेर पडले की त्यांतले काही आज तुमच्याच रांगेत, तुमच्या पुढे उभे आहेत. त्यांची गाठ पुढे पडेल.

काकांच्या यादीत आणखी दोन नावं हमखास असतात. अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले असं सांगतात, आणि १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली. ती कादंबरी कॉलेजात शिकवायची तर एम.ए. लागतं, शिवाय सेट किंवा नेट. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं; तिथे पदवीला प्रवेश घ्यायचा तर बारावीची गुणपत्रिका जोडावी लागते. काकांना हे सांगू नका. त्यांना नमस्कार करा आणि दारापर्यंत सोडून या.

कागद

नापासाला कागद लागत नाहीत, ही समजूत पास झालेल्यांनी पसरवली आहे. खरं उलट आहे. ज्याच्याकडे एक कागद नसतो, त्याच्याकडे बाकीचे सगळे मागतात.

त्यातला पहिला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. गुणपत्रिका फाडून टाकलीत तरी चालेल (टाकू नका, पुढे लागेल), पण दाखला निकालाच्या आठवड्यातच काढून घ्या. नंतर तुम्हाला शाळेत जायची लाज वाटू लागते आणि शाळेला तुमचं रजिस्टर सापडेनासं होतं. कारकून "उद्या या" म्हणतील. उद्या जा. ग्रंथालयाचं पुस्तक बाकी असेल तर आधी ते शोधा. अभ्यासाच्या टेबलाचा तुटका पाय टेकवायला घरात तेच वापरलेलं असतं.

दाखला हातात पडला की तिथेच, शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून, अक्षर अन् अक्षर वाचा. दहा वर्षांत शाळेने दिलेला हा एकच मजकूर असा आहे, जो न समजून चालणार नाही. नाव, आईचं नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आणि ती तारीख अक्षरी. आधारवर 'गणेश' आणि दाखल्यावर 'गनेश' असेल तर तुम्ही दोन माणसं आहात. त्या दोघांना पुढे बँकेत, आरटीओत आणि भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात एकमेकांची ओळख पटवून देत फिरावं लागेल. वडिलांचा दाखलाही पाहून ठेवा. त्यांची जन्मतारीख बहुधा १ जून निघेल. महाराष्ट्राच्या खेड्यांत एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे, कारण नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची होती. गुरुजींनी तेव्हा पोराच्या भल्यासाठीच केलं. आता निवृत्तिवेतनाच्या अर्जापाशी ते निस्तरावं लागतं.

फॉर्मवर 'शिक्षण' नावाचा रकाना येईल. तिथे 'दहावी' एवढंच लिहावं. 'पास' लिहिलं तर खोटं होतं, 'नापास' लिहायला कोणी सांगितलेलं नाही. पूर्वीची माणसं या बाबतीत बाणेदार होती. 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द ती पदवीसारखा नावापुढे लावत.

सरकारी नोकरी

हा भाग वाचून विसरायचा आहे, पण वाचायचा आहे, कारण पुढची सगळी मार्गदर्शिका त्यावर उभी आहे.

२०१९च्या जानेवारीत मुंबईहून एक बातमी आली. मंत्रालयाच्या कँटीनमध्ये वाढप्याच्या १३ जागा होत्या. शिक्षणाची अट होती चौथी पास. अर्ज आले सुमारे ७ हजार. निवड झालेल्या तेरांपैकी बारा जण पदवीधर होते आणि उरलेला एक बारावी झालेला.

ही बातमी दाखवून पालक म्हणतात, "बघ, ताटं उचलायलासुद्धा पदवी लागते." बातमीत तसं कुठेही नाही. अट चौथीचीच होती, म्हणजे ताट उचलायला चौथी पुरते हे सरकारला मान्य होतं. तिथे चौथी पास एकही पोचला नाही, कारण रांग लांब होती आणि रांग लांब झाली की पुढून मोजायला सुरुवात होते.

नवशिक्याने पाठ करायची गोष्ट ही. जाहिरातीतली शिक्षणाची अट कामाचं वजन सांगत नाही, रांगेची लांबी सांगते. दहा जागांना पन्नास अर्ज आले तर साहेब माणसं बघतो. पाच हजार आले तर कागद बघतो, कारण पाच हजार माणसं बघायला वेळ कोणाला आहे? म्हणून 'मला कुठलं काम जमेल?' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. 'रांग कुठे छोटी आहे?' असं विचारा.

पुरावा हवा? चारचाकीच्या स्टीअरिंगमागे बसून पाहा. मालवाहू किंवा प्रवासी गाडीचा परवाना हवा असेल तर आठवी पास असलंच पाहिजे, असा नियम वर्षानुवर्षं होता. देशात चालकांचा तुटवडा पडला आणि २०१९ साली केंद्र सरकारने ती अटच काढून टाकली. आठवीत शिकवलेलं असं काय होतं, ज्याच्यावाचून ट्रक चालत नव्हता आणि आता चालतो, ते कोणी सांगितलं नाही. इकडे एसटीच्या चालकपदाला मात्र दहावी पासच लागते. घाट तोच आणि वळणंही तीच. एसटीच्या दाराशी पगार ठरलेला आहे, निवृत्तीनंतर काहीतरी हातात आहे, म्हणून रांग आहे, म्हणून अट आहे.

(पुढची पायरी होती 'ओळख कशी लावावी'. ज्यांचे मामा नगरसेवक आहेत त्यांना तिची गरज नाही आणि ज्यांचे नाहीत त्यांना उपयोग नाही, म्हणून ती वगळली आहे.)

ड्रायव्हिंगचं मनावर घेतलं असेल तर वयाचा हिशेब समजून घ्या. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो. पेट्रोलवर चालणारी तशी नवी गाडी शोरूममध्ये शोधून दाखवा. अठराव्या वर्षी बाकी दुचाकी आणि मोटार. मालवाहू गाडी विसाव्या वर्षापासून. मधली वर्षं माणूस क्लीनर असतो, ज्याला हायवेवर 'किन्नर' म्हणतात. ताडपत्री ओढायची, दोर आवळायचा, थांबा आला की टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकायचा आणि मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं. कुठपर्यंत येऊ द्यायचं, ते ज्याला कळतं तो पुढे ड्रायव्हर होतो.

गॅरेज

रांग सर्वांत छोटी असते गॅरेजच्या दाराशी, कारण पहिली दोन वर्षं पगार नावाची वस्तू तिथे नसते. शनिवारी खर्चाला काहीतरी मिळतं, दिवाळीला कपडे. शिकवायची फी घेत नाही हाच पगार, असं उस्ताद मानतो. त्याच्या उस्तादाने त्याला तेच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी कोणी काही शिकवणार नाही. डबाभर डिझेल, एक झिजलेला ब्रश आणि इंजिनचे सुटे भाग तुमच्यापुढे येतील. धुवा. संध्याकाळपर्यंत तळहाताच्या रेषा काळ्या होतात आणि कपड्यांची पावडर चोळली तरी निघत नाहीत. बसमध्ये दांडा धरला की शेजारचा माणूस किंचित सरकतो. ते मनाला लावून घेऊ नका. बसायला जागा होते.

मग पान्यांची ओळख. उस्ताद बाइकपाशी उकिडवा बसलेला असतो. मान न वळवता तो हात मागे करतो आणि म्हणतो, "बारा-तेरा." पाने जोडीने येतात: आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. आकडे पान्यावर कोरलेले असतात, पण ते ग्रीसखाली गेलेले, तेव्हा पाना तळहातावर तोलून ओळखायचा. सुरुवातीला तुम्ही चौदा-पंधरा द्याल. तो न बोलता जमिनीवर ठेवला जाईल. मग दहा-अकरा द्याल. आता बोलणं येईल, आणि त्यात तुमच्या शाळेचाही उल्लेख असेल. काही महिने जातात. मग एक दिवस उस्ताद हात मागे करतो, तोंड उघडायच्या आत तुम्ही बोल्टचं डोकं पाहिलेलं असतं, आणि त्याच्या हातात दहा-अकरा पडतो. उस्ताद काही म्हणत नाही. त्या दिवशीचा चहा आणायला मात्र दुसरा पोरगा जातो.

याच्या पुढे टॅपेट. व्हॉल्व्हच्या वरची ती फट फिलर गेजच्या पातळ पात्याने मोजतात, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात. पातं घासत गेलं पाहिजे पण अडता कामा नये. दशांश अपूर्णांकाच्या प्रश्नात शून्य मिळवलेला मुलगा हे वर्षभरात बोटांनी शिकतो. या विषयावर शिक्षणतज्ज्ञ परिसंवाद भरवतात आणि भारावून बोलतात. तुम्ही जायची गरज नाही. तुमच्याविषयी चाललं असलं तरी व्यासपीठावर बसायला पदवी लागते.

आता वाईट बातमी. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या बाइकवरून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि सीटखाली लपलेली एक इलेक्ट्रॉनिक डबी आली. नुसत्या आवाजावरून पेट्रोल-हवेचं गणित जमवणारा उस्ताद, ज्याचा कान तालुक्यात प्रसिद्ध होता, तो आता स्कॅनर जोडतो आणि पडद्याकडे बघत राहतो. पडद्यावर एक इंग्रजी अक्षर, चार आकडे आणि खाली एक इंग्रजी ओळ. ज्या इंग्रजीला घाबरून तुम्ही गॅरेजात आलात, ती तुमच्या मागोमाग गॅरेजात येऊन बसली आहे. या जागी मार्गदर्शिका गंभीर होते: ती ओळ वाचायला शिका. शेक्सपिअर नको. ओपन, शॉर्ट, हाय, लो, सर्किट, व्होल्टेज, टेंपरेचर असे शंभरेक शब्द पुरतात, आणि ते तुमच्या उस्तादाला येत नाहीत. ज्या दिवशी तो गाडीखालून ओरडून विचारेल, "काय म्हणतंय रे ते?", त्या दिवशी तुमचा पगार सुरू झाला असं समजा.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं मनात आलं तर मात्र तिथे आयटीआय विचारतात. पाने ओळखण्याची परीक्षा ते घेत नाहीत. रांग आहे ना.

इतर स्थळं

सकाळी आठच्या आधी मजूर अड्ड्यावर गेलात तर बायोडेटा हा प्रकार हातात धरायचा असतो हे समजेल. थापी आणि ओळंबा असलेला गवंडी, ब्रश आणि डबा असलेला रंगारी, हात मोकळे ते बिगारी. मुकादम गाडीतून उतरतो, हातांकडे बघतो, रोज ठरतो. मुलाखत संपली. एक खबरदारी घ्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. दाखल्यावर सही ठेकेदाराची. ९० दिवस विटा वाहणं त्या मानाने सोपं असतं.

माथाडी व्हायचं असेल तर थोडा उशीर झाला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्याला मंडळ, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असं सगळं मिळालं. महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या कामांतलं हे एक. पण काम चांगलं झालं तशी रांगही लागली, आणि टोळीत शिरायला आता पाठीपेक्षा नातं मजबूत लागतं.

एमआयडीसीत कंत्राटदाराच्या हजेरीवर हेल्पर म्हणून लागता येतं. बारा तासांची शिफ्ट, बूट आपले. २४० दिवस सलग भरायच्या आत 'ब्रेक' मिळतो. ही सुट्टी नाही. २४० दिवस भरले तर कायद्याला तुम्ही दिसू लागता, म्हणून घेतलेली ती काळजी आहे.

सर्वांत उत्तम कँपस प्लेसमेंट बीड जिल्ह्यात होते. तिथे मुकादम स्वतः घरी येतो, गुणपत्रिका मागत नाही, मुलाखत घेत नाही, आणि काम सुरू व्हायच्या आधी पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. जगातली कोणतीही मोठी कंपनी फ्रेशरला हे देत नाही. अट एकच: नेमणूक जोडीने होते. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता'. त्यामुळे ज्याचं लग्न झालेलं नाही त्याचं लवकर उरकतात, आणि मुलगी पंधराची आहे की अठराची, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेलं नसतं. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. फडात पहाटे उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडी भरायची, हिशेब टनावर. हंगाम संपल्यावर कळतं की उचल अजून फिटायची आहे, म्हणजे पुढच्या वर्षीची नोकरीही पक्की. इथे रांग नाही. का नाही, ते एक हंगाम गेलात की समजेल. न गेलात तर उत्तम.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायलाही कोणी शिक्षण विचारत नाही. तसं उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी बोलावणं येतं, आणि बहुतेक वेळा ते जात बघून येतं. "पाचच मिनिटांचं काम आहे," असं सांगतात. तिथे नाही म्हणा. एवढ्या एका ठिकाणी ही मार्गदर्शिका थट्टा करत नाही.

मुलींसाठी पुरवणी

मुलगी नापास झाली तर तिची सेवायोजन कचेरी त्याच संध्याकाळी घरात उघडते. मावशीच्या पर्समध्ये एक फोटो तयारच असतो. मुलगा "स्वतःच्या पायावर उभा" असतो. कशावर उभा ते विचारायचं नसतं. या नेमणुकीत प्रोबेशन नाही, रजा नाही आणि राजीनामा दिला तर माहेरी चौकशी समिती बसते.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून चिकटावं म्हटलं तर एके काळी सातवी चालत होती. आता बारावी लागते. खिचडी शिजायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. रांग तेवढी वाढली. उरतात पोळ्या, शिवण, पार्लर आणि धुणं-भांडी. यांतल्या पोळ्यांचं अर्थशास्त्र विद्यापीठाच्या दर्जाचं आहे. दर माणशी महिन्याचा, पण माणूस दोन पोळ्या खातो की पाच, हे आधी ठरवून घ्यायचं. पाहुणे आले तर वेगळे. कणीक मळून ठेवलेली असेल तर एक दर, मळायची असेल तर दुसरा. तेल-तुपाची पोळी हवी की फुलका, हेही बोलून घ्यायचं. ज्या बाईंनी हे पहिल्या दिवशी ओट्यापाशी उभ्या उभ्या बोलून घेतलं नाही, त्या तीन महिन्यांत सोडून जातात. घरकामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला आहे. पण नोंदणीला जायचं म्हणजे खाडा होतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

काका इथेही एक उदाहरण देतात: १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं 'लिज्जत' झालं. खरं आहे. त्या सातजणींना कोणी शिक्षण विचारलं नव्हतं. तुमची मुलगी सहा मैत्रिणी घेऊन घराबाहेर पडली तर मात्र काकाच विचारतील, "कुठे निघालात?"

स्वतःचा धंदा

"वडापावची गाडी टाक" हा सल्ला देणाऱ्याने गाडी टाकलेली नसते. ज्याने टाकली आहे तो सांगतो, वडा तळता येणं हा त्यातला किरकोळ भाग. खरा धंदा म्हणजे पावाच्या लाद्या उधारीवर मिळणं, पावसाळ्यात बटाट्याचा भाव सोसणं, आणि अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी दोन चौक अलीकडे असतानाच शेगडी बंद करून चाकं फिरवणं. फेरीवाल्यांसाठी २०१४ पासून कायदा आहे, त्यात समिती आहे, ओळखपत्र आहे. समितीची बैठक व्हायची आहे.

कर्ज हवं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यातली गंमत पाहा. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल, तरच आठवी पासची अट. म्हणजे दहावी नापास माणूस तिथे गरजेपेक्षा जास्त शिकलेला ठरतो. बँकेच्या शाखेत अर्थात हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल.

परतीची वाट

डोक्यात उजेड पडला की बऱ्याच जणांना परत परीक्षेला बसावंसं वाटतं. साधारण बाविसाव्या वर्षी, नाहीतर स्वतःचं पोर शाळेत गेल्यावर. पुरवणी परीक्षा आहे. शाळेत न जाता बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म आहे. फॉर्मची मुदत कधी संपते हे शाळेच्या फळ्यावर लावतात, आणि शाळेत तर तुम्ही जात नाही. दिल्लीकडच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी करता येते. आयटीआयत वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापास चालतात, पण त्याच ट्रेडला पास झालेलेही अर्ज करतात आणि यादी गुणांवर लागते, हे आता तुम्हाला सांगायला नको. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढून शाळा अर्धवट सुटलेल्यांना थेट पदवीच्या दाराशी आणलं. कित्येक गृहिणी आणि रिक्षावाले त्या वाटेने बी.ए. झाले. मग ती पदवी घेऊन ते एखाद्या खिडकीपाशी गेले, आणि आतून विचारणा झाली, "दहावीची गुणपत्रिका जोडली नाही?"

म्हणूनच ती फाडू नका म्हटलं.

नेहमीच्या शंका

सरपंच होता येईल का?
होय. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पास असावं लागतं, तुमची झालेली आहे. आमदारकीला तीही अट नाही. त्या रांगेत वेगळे कागद मोजतात.

लग्न जमेल का?
गॅरेज स्वतःचं असेल तर जमेल. मुलीकडचे शिक्षण विचारतात. 'ऑटोमोबाइल लाइन' एवढं सांगावं.

गॅरेज चाललं, पोरं हाताखाली शिकायला येऊ लागली. किती घ्यावीत?
दोन. तिसऱ्याला जागा पुरत नाही.

दारात रोज आठ-दहा उभे राहतात, सगळ्यांच्या आया सोबत असतात. कोणाला घ्यावं आणि कोणाला परत पाठवावं, हे कसं ठरवायचं?
शटरशेजारी एक पाटी लावा: 'हेल्पर पाहिजे. दहावी पास असल्यासच भेटावे.'